दादाचं प्रॉडक्शन

आमच्या वरच्या मजल्यावर सिनेमा राहतो. कागदोपत्री तिथे आजी, आई-बाबा आणि दोन मुलं अशी पाच माणसं आहेत, पण पुण्याच्या कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्या फ्लॅटला कुणी आडनावानं ओळखत नाही. रात्री दोन वाजता जिन्यातून काहीतरी जड घसरत गेलं, की खालचा वॉचमन मान न वळवता सांगतो, "काही नाही, दादाचं लायटिंग आलं."

दादा म्हणजे थोरला. लेखक, दिग्दर्शक आणि नायक. धाकटी ती ताई. ती उरलेलं सगळं. घरात ती त्याला दादा म्हणते म्हणून युनिट त्याला दादा म्हणतं, आणि युनिट तिला ताई म्हणतं म्हणून हल्ली तिची आईसुद्धा चुकून म्हणते. ताई हिंजवडीत नोकरी करते. तिच्या शिल्लक रजांवर दादाचं शेड्यूल ठरतं. मार्चअखेर ती रजांचा हिशोब करायला बसली, की दादा तिच्यासाठी स्वतः चहा टाकतो. एरवी त्याला चहाची पावडर कुठे असते हे माहीत नाही.

सिनेमाच्या शेवटी नावं पळतात, ती मी चष्मा लावून वाचली आहेत. ध्वनी, वेशभूषा, संकलन, निर्मिती-व्यवस्था, सगळीकडे ताईच. फक्त एकदा पूर्ण नाव, एकदा नुसती आद्याक्षरं, एकदा मधलं नाव गाळून. मी विचारलं, तर दादा म्हणाला, "काकू, युनिट मोठं दिसलं पाहिजे."

त्याची दाढी हा सोसायटीचा सामाईक विषय आहे. वाढलेली दिसली की शूटिंग सुरू आहे असं समजायचं. पैसे संपले की शूटिंग थांबतं, पण दाढी काढता येत नाही, कारण उरलेले सीन कधीतरी करायचेच असतात. अशा अडकलेल्या दाढीनिशी तो एकदा मुलगी बघायला गेला. मुलीच्या वडिलांनी जरा अदबीनंच विचारलं, "दाढी नेहमीची का?"

"नाही, शेड्यूल संपेपर्यंत."

"शेड्यूल कधी संपतंय?"

"फायनान्स आला की."

पोहे झाले, कॉफी झाली, बाकी काही झालं नाही. परतताना ताई रिक्षात म्हणाली म्हणे, "दादा, त्यांचा हॉल मात्र शूटिंगला मस्त आहे. खिडकी पूर्वेला आहे." दोघं त्या हॉलसाठी पुन्हा गेले असते, पण आईनं शपथ घातली.

दादाकडे इतिहासाचे दाखले कायम तयार. तू स्वतःच का काम करतोस, असं कुणी म्हटलं की तो 'फँड्री' काढतो. नागराज मंजुळेंनी त्यात चंक्या स्वतःच केला होता की नाही? (खरं कारण ताई सांगते. दादाच्या तारखा मिळतात आणि दादा पैसे मागत नाही.) घरच्यांना का राबवतोस, असं म्हटलं तर तो थेट 1895 सालच्या पॅरिसला जातो. ल्युमिएर बंधूंनी पहिल्या खेळात दाखवलेल्या चित्रफितींत एक होती, तान्ह्या मुलीला भरवणाऱ्या आईबापाची. बाप म्हणजे थोरला ऑगस्त, कॅमेऱ्यामागे धाकटा लुई. "म्हणजे काकू, सिनेमा जन्मला तोच मुळी भावंडांच्या घरात!" त्यावर ताई लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणते, "त्यांच्या वडिलांचा लियाँला फोटोच्या काचांचा कारखाना होता. आपल्या बाबांची मास्तरकीची पेन्शन आहे."

दादासाहेब फाळके तर त्या घरात असे निघतात, जणू कोपऱ्यावरच राहतात. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास कोण? फाळक्यांचा स्वतःचा मुलगा, भालचंद्र. 'कालिया मर्दन'मधला कृष्ण? मुलगी मंदाकिनी. युनिटचा स्वयंपाक कोण करायचं? सरस्वतीबाई. इथवर आई कौतुकानं ऐकते, कारण तीही पंधरा-वीस माणसांचा वरण-भात करतेच. पण पुढच्या सिनेमाच्या वेळी दादानं गाडी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांपर्यंत नेली. आईनं हातातल्या बांगड्या पदराखाली घेतल्या आणि म्हणाली, "फाळक्यांनी पैसेवाल्यांना आधी वाटाण्याचा वेल उगवताना दाखवला होता. तू वाटाणा दाखव, मग बोलू." 'अंकुराची वाढ' ही गोष्ट त्यानंच तिला कधीतरी सांगितली होती. आया काही विसरत नाहीत.

त्याची खरी कुलदैवतं मात्र अमेरिकेतली. जे आणि मार्क ड्युप्लास, न्यू ऑर्लिन्सचे सख्खे भाऊ. त्यांनी तीन डॉलरमध्ये एक लघुपट केला. टेपचा काय तो खर्च. मार्क कॅमेऱ्यापुढे, जे कॅमेऱ्यामागे, आणि गोष्ट एवढीच, की एका माणसाला आपल्या फोनवरचा निरोप धडपणे रेकॉर्ड करता येत नाही. 2003 साली तो सनडान्स महोत्सवाला लागला. दोन वर्षांनी पंधरा हजार डॉलरमध्ये त्यांनी 'द पफी चेअर' हा पूर्ण सिनेमा केला. त्यात नायक मार्क, आणि नायकाचे आईवडील म्हणून त्यांचेच आईवडील. 2015 मध्ये ऑस्टिनच्या महोत्सवात मार्कनं होतकरूंना बजावलं, की वरून कुणी येऊन तुम्हाला सोडवणार नाही, आहे त्यात सुरुवात करा. दादानं ते भाषण आम्हाला गच्चीवर चादर बांधून दाखवलं. बाबांना त्यातलं एकच कळलं, की आता आपल्यालाही काम करावं लागणार. ते निमूटपणे दाढी करून आले, तर दादानं त्यांना वाढवायला सांगितली.

तोच मार्क मालिकांमधून कामं करतो, त्याच्या जिवावर सिनेमे निघतात, हाही दादाचा लाडका मुद्दा. म्हणून दादा मालिकांमध्ये इन्स्पेक्टर होतो. दोन महिन्यांतून एकदा, "तुम्हाला आमच्यासोबत यावं लागेल" एवढं म्हणायला. त्या पैशाची हार्ड डिस्क येते. आजीच्या लेखी नातवाची कारकीर्द ती एवढीच. पाहुणे आले की ती सांगते, "आमचा पोलिसात असतो. अधूनमधून."

शूटिंग घरीच, आणि बहुधा स्वयंपाकघरात. दादा कॅमेऱ्यासमोर असल्यामुळे 'कट' ताईनं म्हणायचं. एका हातात बूम माईक बांधलेली जाळी काढायची काठी, दुसऱ्या हातात कागद, कानावर हेडफोन. ती 'पुन्हा' म्हणाली की दादा दुखावतो.

"अगं, इमोशन आलं होतं!"

"आलं होतं. पण फ्रिज चालू होता."

सगळ्यात कठीण विधी 'रूम टोन'चा. सीन संपला की त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतात, पुढे संकलनात आवाज सांधायला लागते म्हणून. त्या मिनिटात कुणी हलायचं नाही. पहिल्यांदा हे झालं, तेव्हा ओट्याभोवती सगळे माना खाली घालून उभे राहिलेले बघून आजीनं हात जोडले. मिनिट संपल्यावर हळूच विचारलं, "कोण गेलं?" तो टोन वाया गेला, पण 'कोण गेलं' दादानं सिनेमात ठेवलं. सबंध सिनेमात प्रेक्षक हसले ते तेवढ्या एका ठिकाणी.

भांडणं होतात ती एडिटला. वेताळ टेकडीवर दादा पाठमोरा चार मिनिटं चालत जातो, असा एक शॉट होता. ताईनं तो वीस सेकंदांवर आणला. दादा वर ओरडला, ते आम्हाला खाली ऐकू आलं, "माझा आत्मा कापलास तू!" ताईचा आवाज चढत नाही, पण पोचतो. "आत्मा ठेवलाय. चालणं कापलंय." पुढे आठवडाभर अबोला. सगळं बोलणं आईमार्फत. "आई, दादाला सांग, सेन्सॉरची फी भरायची आहे." "आई, तिला सांग, भर म्हणावं." मधे आईची पोळी करपायची.

सिनेमा तयार झाला की खरी वणवण. नोव्हेंबरात इफ्फी महोत्सवाच्या वेळी पणजीला सिनेमांच्या खरेदी-विक्रीचा फिल्म बझार भरतो, तिथे दादा इस्त्रीचा कुर्ता घालून जातो आणि गळ्यात अडकवायच्या ओळखपत्राची आणखी एक पट्टी घेऊन येतो. सगळ्या पट्ट्या खुंटीला लटकतात. शासनाचं अनुदान मिळू शकतं, पण ते सिनेमा पुरा झाल्यावर, समितीनं बघून दर्जा दिला तर. तोवर उसनवारी कुणी निस्तरायची, हे ताईच्या वहीत असतं. परदेशी महोत्सवांना पाठवायची प्रवेश-फी डॉलरमध्ये. निवड झाली की पोस्टरवर पानांच्या दोन डहाळ्यांचं चिन्ह येतं. डहाळ्या वाढल्या की दादा खूश, ताई मात्र डहाळीगणिक रुपये मांडते.

आणि मग प्रदर्शन. गावाबाहेरच्या मल्टिप्लेक्समध्ये सकाळी साडेनऊचा खेळ. आम्ही सगळे नाश्ता करून बसनं जातो. ताई दाराशी उभी राहून डोकी मोजते, कारण कमी भरली तर उद्याचा खेळ जातो. बाहेर आल्यावर दादा एकेकाला गाठतो. "कसा वाटला? खरं सांगा हं." खरं कोण सांगणार? "फोटोग्राफी छान आहे," असं आपण म्हणतो. मीही म्हणते. शिवाय एका सिनेमात मी आहे. पाठमोरी, भाजी निवडताना. त्यामुळे मला तसंही तटस्थ मत नाही.

गेल्या वर्षीच्या सिनेमात नायकाच्या बहिणीचं काम करणारी मुलगी ऐनवेळी आलीच नाही. भाड्याच्या लेन्स आलेल्या, म्हणून ताईनं काठी बाबांच्या हातात दिली आणि ओढणी बदलून उभी राहिली. एकच सीन. दादा मोठमोठ्यानं स्वप्न सांगतोय आणि ती नुसती डबा भरतेय.

तो सिनेमा लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात एका संध्याकाळी दाखवला. नंतर प्रश्नोत्तरं. दादानं प्रत्येकाला प्रदीर्घ उत्तरं दिली, शेवट ओपन का ठेवला वगैरे. मग मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. म्हणाले, "ते सगळं राहू दे. ती डबा भरणारी मुलगी कोण? ती पुन्हा कधी दिसणार?" ताई तेव्हा प्रोजेक्शनच्या खोलीत हार्ड डिस्क काढून घेत होती. दादानं माईक खाली केला, आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच त्याला बोलायला काही सुचेना. मग तो स्वतः जाऊन तिला हाताला धरून घेऊन आला. ती वायरीची भेंडोळी घेऊनच स्टेजवर आली.

आता नवीन स्क्रिप्ट चाललंय. नायिका ताई. तिनं अटी घातल्या आहेत. स्क्रिप्ट पूर्ण हवं, पैसे आधी हवेत, आणि टेकडीवर कुणी चालणार नाही. दादानं सगळं मान्य केलं. फक्त एक अडचण आहे, ती काल तो जिन्यात उभा राहून मला समजावून सांगत होता. ताई समोर आली, की माईकची काठी धरायला कुणी उरत नाही, बाबांचा खांदा धरलाय. बोलता बोलता त्यानं माझ्या दंडांकडे बघितलं.

"काकू, तुम्ही रोज योगासनं करता ना?"