मनोरीस एकांतवासी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी नियमावली

गृहनिर्माण संस्था, गणेशोत्सव मंडळ, ज्ञातिसंस्था, माजी विद्यार्थी संघ, सकाळचे हास्यमंडळ आणि या सर्वांचे स्वतंत्र व्हॉट्सॲप समूह एवढ्या ठिकाणी ज्याची हजेरी बिनचूक लागते, परंतु रात्री-अपरात्री छातीत कळ आली असता कोणाचा दरवाजा ठोठावावा हे ज्यास सुचत नाही, अशा बोरिवली-मुलुंडकडील सद्गृहस्थाच्या हितार्थ पुढील कलमे जारी करण्यात येत आहेत.

कलम १. स्थळ. एकांतासाठी हिमालयाची निकड नाही. मालाडच्या पश्चिमेस मार्व्याचा धक्का आहे, आणि तेथून फेरीबोटीने काही मिनिटांत खाडी ओलांडली की मनोरी लागते. खाडी अरुंद आहे म्हणून तिचा अधिकार कमी लेखू नये. बोट चुकल्यास तेच गाव रस्त्याने गाठण्यासाठी भाईंदर, उत्तन, गोराई असा दीर्घ वळसा घ्यावा लागत असल्यामुळे, ‘इकडून चाललो होतो, म्हटले डोकावावे’ या सबबीवर येणारी जी मंडळी आयुष्याचे निम्मे रविवार जप्त करतात, ती सर्व मालाडच्याच तीरावर आपोआप बरखास्त होतात. जो उरतो तो मुद्दाम आलेला असतो, आणि मुद्दाम येणे हाच स्नेहाचा पहिला दाखला समजावा.

कलम २. रहिवासी. आपण निर्जन बेटावर उतरलो आहोत, असा समज करून घेऊ नये. येथे कोळी आहेत आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत. यांपैकी दुसऱ्या समाजाने तर गोवा-मंगळुराहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींपासून आपली ओळख निराळी राहावी म्हणून, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या साली, म्हणजे १८८७ मध्ये, संघटना स्थापून हे नाव रीतसर धारण केले. ज्या गावात पिढ्यान् पिढ्या सोयरिकी जुळल्या, त्या गावात आपण कोणाच्या घरी उतरलो, बाजारात कोणते मासे घेतले आणि ते साफ करता आले की नाही, याची नोंद दुसऱ्या दिवशी सर्वत्र झालेली असते. आपण एकांतासाठी निवडलेले गाव स्वतः मात्र एकांतात राहत नाही, हे ध्यानी घेऊन नम्रतेने वागावे.

कलम ३. खारीज करण्याची रीत. संबंधांची यादी करावी. रॉबिन डनबार या ब्रिटिश संशोधकाने १९९० च्या दशकात माणसाच्या मेंदूच्या आकारमानावरून असे अनुमान काढले की, त्यास सुमारे १५० संबंध सांभाळता येतात. आणि पुढे असेही दाखविले की, अगदी जवळची माणसे पाचच्या आसपास असतात. यादी पाचांवर येईपर्यंत नावे खोडावीत. मात्र हा संकल्प कोणासही कळवू नये, कारण कळविल्यास निरोपसमारंभ होतो, समारंभासाठी समिती नेमली जाते, आणि त्या समितीवर आपलीच नियुक्ती होते.

कलम ४. सवलत. ज्यांना एकांतातही सभासदत्व सुटत नाही त्यांनी शेजारी गोराईस जावे. तेथील विपश्यना पॅगोडाच्या घुमटास आत एकही खांब नसून त्याखाली सुमारे आठ हजार साधक एकत्र बसून मौन पाळू शकतात. गर्दी कायम ठेवून बोलणे तेवढे वजा करण्याची ही सोय उपनगरी प्रकृतीस विशेष मानवते.

कलम ५. चाकरी. हे कलम उमेदवार बहुधा वाचीत नाहीत. कथाकार जी. ए. कुलकर्णी यांचेच उदाहरण घ्यावे. ते धारवाडास राहिले. सभा, सत्कार आणि भेटीगाठी त्यांनी निग्रहाने टाळल्या. ‘काजळमाया’ या कथासंग्रहास १९७३ साली लाभलेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही परत केला. एवढे वाचून त्यांस माणूसघाणे ठरविणाऱ्याने त्यांच्या पत्रांचे खंड उघडून पाहावेत. दार लावून बसलेल्या या गृहस्थाने लेखिका सुनीता देशपांडे आणि इतर मोजक्या स्नेह्यांस किती विस्ताराने, किती मन ओतून लिहिले, हे पाहिल्यावर लक्षात येते की सभांतून वाचलेला वेळ त्यांनी शिलकेत टाकला नव्हता. तो थोड्याच खात्यांवर भरभरून जमा केला होता. एकांत म्हणजे माणसांपासून मिळालेली रजा नव्हे. यादी जितकी आखूड, तितका प्रत्येक नावाचा तगादा मोठा. त्या पाचांपैकी कोणी आजारी पडल्यास भर पावसात, बोट बंद असल्यास भाईंदरच्या वळशाने, आपणच जावयाचे असते, आणि बदलीस पाठविण्यास उपाध्यक्ष नसतो.

ही चाकरी ज्यांस झेपणार नाही त्यांनी मार्व्याहूनच परत फिरावे आणि आपली सर्व सभासदत्वे कायम ठेवावीत. तेथे वर्षाची वर्गणी वेळेवर भरली की कोणी त्याहून अधिक काही मागत नाही.