दोन रात्रींचा पाहुणा, अकरा महिन्यांचा करार

"मग नोंद कशाला करता?"

टेबलापलीकडच्या साहेबांनी हे विचारलं आणि दादा गप्प बसला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. राहतो पिंगळीला. परभणीहून गाडीनं पूर्णेकडे निघालं की पहिलं लागतं ते स्टेशन. घर पुढून जुनं माळवदाचं, मागं नव्यानं बांधलेल्या दोन खोल्या, संडास-न्हाणी वेगळी. पोरगं नोकरीला पुण्यात, पोरगी नांदायला गेली. खोल्या रिकाम्या पडल्या.

गावात जुनी बारव आहे. ती बघायला हल्ली माणसं येतात. वास्तुकला शिकणारी पोरं टेप घेऊन पायऱ्या मोजत बसतात. कुणी वालूरची गोल फिरत उतरणारी बारव आणि चारठाण्याची देवळं बघायला निघालेलं असतं आणि मधे एक रात्र टेकायला जागा शोधतं. वहिनी त्यांना ठेवून घेते. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, सकाळी चहा. आधी पैसे घ्यायला तिला संकोच वाटायचा. आता घेते, आणि घ्यायलाच पाहिजेत.

दादा सरळ माणूस. "पैशे घेतो म्हणल्यावर कागद पाह्यजे," म्हणाला आणि हेलपाटे सुरू केले. दोन दिवस मीही बरोबर होतो. एका कचेरीत संवाद झाला तो असा.

"लॉज आहे का?"

"नाही साहेब, घर हाये."

"मग भाडेकरू ठेवलाय?"

"भाडेकरू न्हाई, पाव्हणे. दोन रात्री राहतात अन् जातात."

"मग अकरा महिन्यांचा करार करून आणा."

"अहो, माणूस परवा जाणार हाये."

"मग नोंद कशाला करता?"

साहेब उर्मट नव्हते. पाणी दिलं, बसा म्हणाले. त्यांच्यापुढच्या कागदांत लॉज होतं, भाडेकरू होता, पण पाहुणा ठेवणारं घर कुठंच नव्हतं. त्यांना कागदच नाही तर ते तरी काय देणार? माझा राग त्या माणसावर नाही. त्या प्रश्नावर मात्र आहे.

भाडेकरू आणि पाहुणा यांतला फरक कायद्यानं कधीच ओळखलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्यातलं कलम 55 सांगतं की लीव्ह-लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. पण त्याच कायद्यात लायसन्सी म्हणजे कोण हे सांगताना हॉटेल, लॉज, गेस्ट हाऊस, धर्मशाळा इथं उतरलेल्या माणसाला त्यातून वगळलंय, पेइंग गेस्टलाही वगळलंय. म्हणजे दोन रात्रींच्या पाहुण्याकडून अकरा महिन्यांचा करार मागायला कायद्यात आधार नाही. तरी तो मागितला जातो, कारण टायपिंगवाल्याकडे तोच नमुना तयार असतो.

दुसरीकडे सांगितलं, पोलिसांना कळवा. कळवायलाच हवं. पण कोणत्या नियमानं? शहरांत भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या, असे आदेश निघतात. ते पूर्वी जुन्या 144 कलमाखाली निघायचे. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि त्या कलमाचा आकडा 163 झाला. या कलमाखाली काढलेला आदेश दोन महिने चालतो. राज्य सरकारनं वाढवला तर आणखी सहा महिने, त्यापुढं नाही. हे कलम आहे तातडीच्या प्रसंगासाठी. दंगल उसळेल, शांतता बिघडेल अशा वेळी वापरायचं. घरात पाहुणा उतरणं हा तातडीचा प्रसंग नाही, ते रोजचं काम आहे, आणि रोजच्या कामाला रोजचा नियम लागतो. आज आदेश आहे की संपला, हे पिंगळीतल्या बाईनं कुठं वाचायचं?

परदेशी पाहुण्याच्या बाबतीत मात्र नियम स्वच्छ आहे. तो आल्याचं कळवायला चोवीस तास मिळतात. लोक अजून त्या अर्जाला सी-फॉर्मच म्हणतात. 1946 चा परकीय नागरिक कायदा गेला, 1 सप्टेंबर 2025 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला, पण ती जबाबदारी कायम आहे. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, कुठून आला, इथं कधी पोचला, पुढं कुठं जाणार, सगळं ऑनलाइन भरायचं. ते फक्त हॉटेलनं भरायचं, हा समज खोटा आहे. धर्मशाळा, होमस्टे, खासगी घरसुद्धा त्यातून सुटत नाही. वहिनीला हे कुणी सांगितलं नव्हतं. उद्या बारव बघायला एखादी जर्मन बाई आली आणि ओसरीवर जेवून तिथंच झोपली, तर चोवीस तासांनंतर चूक वहिनीची ठरेल.

घरमालकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. सरकार कागद देत नाही, ही तक्रार खरी. पण कागद नको असणारेही पुष्कळ आहेत. लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी या पट्ट्यात बंगल्यामागून बंगले दर शनिवारी-रविवारी भाड्यानं जातात. मालक मुंबईत, किल्ली रखवालदाराकडं, पैसे फोनवर, आणि आत कोण आलं हे कुणालाच माहीत नाही. जून 2021 मध्ये इगतपुरीत दोन बंगल्यांवर पोलिसांचा छापा पडला, अमली पदार्थांच्या पार्टीतून बावीस जणांना धरलं, तेव्हा राज्यभर बातमी झाली. बातमी शिळी झाली आणि किल्ली पुन्हा रखवालदाराकडं गेली. ज्याला धंदा करायचाय त्याला धंद्याची जबाबदारी टाळता येणार नाही. पोहण्याचा हौद बांधायला पैसे आहेत आणि पाहुण्यांच्या नोंदीची चाळीस रुपयांची वही ठेवायला वेळ नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

वही कशासाठी, हेच आपण विसरलोय. आपण समजतो ती पोलिसांसाठी. आधी ती पाहुण्यासाठी आहे.

मागच्या पावसाळ्यात दादाकडं उतरलेल्या एका पोराला मध्यरात्री सडकून ताप भरला. अंगाचा थरकाप, बोलणं बरळल्यासारखं. दादानं रिक्षा काढली आणि परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, घरी कुणाला कळवायचं? पोराचा फोन कुलूपबंद, बोट लावून उघडेना. दादाकडं त्याच्या आधारची झेरॉक्स होती. त्यावर जन्मतारीख होती, पत्ता होता, बारा आकडे होते. आईचा फोन नंबर नव्हता. सगळी रात्र गेली. सकाळी ताप उतरला, पोरगं शुद्धीवर आलं, तेव्हा घरी फोन लागला. त्या रात्रीपासून दादा झेरॉक्सला मानत नाही.

आपण पाहुण्याकडून जे मागतो ते आणीबाणीला उपयोगी पडत नाही, आणि जे उपयोगी पडतं ते आपण विचारत नाही. जुन्या कायद्याला हे कळत होतं. वाटसरू उतरायच्या त्या सरायांसाठीचा 1867 चा सराय कायदा इंग्रजांनी त्यांच्या मुलखासाठी केला. आपलं परभणी तेव्हा निजामाकडं. त्या कायद्यात सराय चालवणाऱ्याची कामं दिली आहेत, ती वाचण्यासारखी आहेत. सरायीत कुणाला साथीचा रोग झाला तर लगेच ठाण्याला कळवायचं. खोल्या, ओसऱ्या, विहिरी साफ ठेवायच्या. ज्या फांदीवरून चोर आत येऊ शकेल ती फांदी तोडायची. पहारेकरी ठेवायचे. दर लिहून दिसेल असा लावायचा. सराय नोंदवणं सक्तीचं होतं. नियम मोडला तर दंड वीस रुपयांपर्यंत. ज्यानं हा कायदा लिहिला त्यानं रात्री झोपलेल्या प्रवाशाकडं एकदा तरी नीट बघितलं होतं. आजच्या अर्जांमध्ये ती नजर मला सापडत नाही.

आपल्याकडं तर कायद्याच्याही आधीपासून वह्या आहेत. नाशिकला, त्र्यंबकला जा. गाव सांगा, आडनाव सांगा. तीर्थोपाध्याय लाल कापडातली वही सोडतात आणि तुमचा खापरपणजोबा कधी आला होता, बरोबर कोण होतं, हे वाचून दाखवतात. माझ्या वडिलांनी तिथं आजोबांच्या हातची सही बघितली आणि बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. यजमान कोण, कुठला, कुणाबरोबर आला, एवढंच त्या वहीत असतं, पण ती पिढ्यान् पिढ्या जपलेली असते.

आता दुसरी बाजू. गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी मी लॉजवर उतरलो होतो. नाव घेत नाही. काउंटरवरच्या पोरानं आधारची झेरॉक्स घेतली, खणात टाकली. सकाळी बिल मागितलं तर त्यानं खणातून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि एका कागदावर आकडेमोड केली. चादरी किती धुवायला गेल्या, पाण्याचे जार किती आले, असे हिशेब आधीच त्यांवर लिहिलेले. कागद उलटा केला तर एका बाईचा फोटो, तिचा पत्ता, तिचा आधार नंबर. मी त्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "वाया कशाला घालवायचे?" पोरगं काटकसरी होतं, कुणी त्याला शिकवलंच नव्हतं. शेवटचे चारच आकडे दिसतील असं झाकलेलं आधार चालतं, हेही त्याला माहीत नव्हतं. व्यक्तिगत माहिती जपण्याचा कायदा 2023 साली झाला, पण तो त्या खणापर्यंत पोचलेला नाही. माहिती गोळा करण्याचा हक्क ज्याला हवा, त्याच्या खणाला आधी कुलूप हवं.

आणि नोंदवही पाहुणे निवडायला नसते. आडनाव विचारायचं, ते ऐकून क्षणभर थांबायचं आणि "खोल्या भरल्यात" म्हणायचं, हे आपल्या जिल्ह्यात होत नाही असं कुणी मला सांगू नये. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांच्या जोडीला हॉटेलांचं नावही स्पष्ट लिहिलंय. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला तिथं अडवता येणार नाही. तुम्ही घर म्हणून जाहिरात करा नाहीतर फार्महाऊस म्हणून. पैसे घेऊन लोकांना दार उघडलं की ते सगळ्यांना उघडलं.

योजना नाहीत असंही नाही. पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना कोकणात कित्येक घरांनी वापरली. 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण आलं. 2023 साली बायकांसाठी 'आई' धोरण आलं, त्यात पर्यटन व्यवसायाच्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. केंद्राच्या होमस्टे योजनेत एक ते सहा खोल्या चालतात आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. वहिनी त्या अटीत चपखल बसते. पण या सगळ्यांची तोंडं मुंबई-पुण्याकडं आणि पोर्टलांकडं. शेजारच्या गोव्यात 1982 पासून पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा आहे. समुद्र आला म्हणून त्यांना तो करावा लागला. मराठवाड्यात समुद्र नाही, पण बारवा आहेत, औंढ्याचं ज्योतिर्लिंग आहे, गंगाखेडला जनाबाई आहे, फेब्रुवारीत परभणीचा उरूस आहे, जिथं गावोगावची माणसं येतात. पाहुणे येतातच. ते झोपतात कुठं, हे कुणी विचारत नाही.

मला हवंय ते फार थोडं आहे. ग्रामपंचायतीकडं प्रत्येक घराची नमुना आठला नोंद असतेच. त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, 'या घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवले जातात' एवढा दाखला मिळावा. पोलीस पाटील गावात आहे. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानं गावातली खबर ठाण्याला देणं हे त्याचं कामच आहे. त्यानं महिन्यातून एकदा वही बघून सही करावी, वही घरातच राहावी. झेरॉक्स घेऊच नये. ओळखपत्र बघावं, नाव-गाव लिहावं आणि परत द्यावं. एक रकाना सक्तीचा करावा, घरच्या कुणाचा तरी फोन नंबर. परदेशी पाहुण्याचं ऑनलाइन भरायला ग्रामपंचायतीतल्या संगणकावर बसणाऱ्या पोराला शिकवावं. आणि वीस खोल्यांचा रिसॉर्ट आणि दोन खोल्यांची वहिनी यांना एकच अर्ज देऊ नये.

हे होईल तेव्हा होईल. वहिनीनं वाट बघितली नाही. बाजारातून दोनशे पानांची लांब वही आणली, दादाकडून पट्टीनं रेघा मारून घेतल्या. तारीख, नाव, गाव, कितीजण, कधी आले, कधी जाणार, घरचा फोन. शेवटचा रकाना तिनं स्वतःहून घातला. त्यावर लिहिलं, 'औषध काय चालू आहे.'

परवा दोन पोरी आल्या, सोलापूरकडच्या. वहिनीनं चहा दिला, मग वही पुढं केली. एकीनं शेवटचा रकाना वाचला आणि हळूच विचारलं, "काकू, हे लिहायलाच पाहिजे का?"

"नको वाटलं तर नको लिहू. फक्त रात्री काई झालं तर मला उठव."

पोरीनं थोडा विचार केला आणि दम्याच्या पंपाचं नाव लिहिलं. वहिनीनं शाई वाळू दिली, वही मिटली आणि आतल्या खोलीत जाऊन लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीखाली ठेवली. किल्ली पदराला बांधली आणि भाकरी टाकायला चुलीकडं गेली.