ट्रिगरपंत

प्रत्येक आयटी कंपनीत एक ट्रिगरपंत असतात. आमचे हिंजवडीत चौथ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून बसतात आणि सेल्सफोर्सवर काम करतात. "आमचा कसलेसे ट्रिगर चालवतो," असं त्यांच्या मातोश्री सांगतात, त्यामुळे नात्यागोत्यात पंतांचा उगाचच दरारा आहे. खरं तर त्यांचा ट्रिगर अगदी निरुपद्रवी: नोंद साठवली, बदलली किंवा पुसली, की त्याच्या आधी किंवा नंतर आपोआप धावणारा कोड.

निरुपद्रवी, म्हणजे आता. पहिल्या वर्षी पंत भलतेच चपळ होते. क्लायंटने काही मागितलं, की लिही ट्रिगर. एकट्या 'अकाउंट' ऑब्जेक्टवर चार झाले. एकाच घटनेवर चार ट्रिगर असले तर आधी कोण धावेल, याची हमी सेल्सफोर्स देत नाही. चौघी जावांनी एकमेकींना न विचारता आमटीत मीठ घालावं, तशातली गत. पंत मात्र एक नोंद भरून बघायचे, ती गेली की चहाला जायचे.

मग एका रात्री अमेरिकेतल्या मार्केटिंगवाल्यांनी पाच हजार नोंदी एकदम चढवल्या. तिकडे दुपार, इकडे रात्रीचा दीड. पंतांचा फोन वाजला. पडद्यावर लाल अक्षरं: 'टू मेनी एसओक्यूएल क्वेरीज: 101'.

त्या रात्रीनंतर पंत सुधारले, आणि सुधारलेल्या माणसासारखे सगळ्यांना सुधारू लागले. परवा नव्या ट्रेनी मुलीने फॉर लूपमध्ये क्वेरी लिहिलेली त्यांना दिसली.

"लग्नात तूप वाढलंयस कधी?"

"हो सर."

"पानागणिक कोठीत जात होतीस?"

"नाही सर, तुपाचं भांडं घेऊनच फिरत होते."

"मग इथे का जातेस? ट्रिगरपुढे 200 पानांची पंगत बसते. कोठीचं दार एका व्यवहारात 100 वेळाच उघडतं. एकशे एकाव्यांदा कडी वाजवलीस की पंगत उठते, आणि जेवलेल्यांच्या पोटातलंही परत काढून घेतात. आधी सगळ्यांचे आयडी गोळा कर, क्वेरी एकदाच मार, मॅपमध्ये भर आणि मग वाढत जा."

पोरगी वहीत 'तूप = मॅप' असं लिहून घेत होती.

पंतांचं दुसरं वचन: एका ऑब्जेक्टला एकच ट्रिगर, आणि त्यात अक्कल ठेवायची नाही. ट्रिगर म्हणजे दारावरची बेल. बेलने वाजावं, चहा कोणी करायचा ते हँडलर क्लास बघेल. तिसरं वचन शेजारणीच्या डब्याचं. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून आपण लाडू घालतो, ती चकल्या घालते, आणि डबा जन्मभर फिरत राहतो. अकाउंटने कॉन्टॅक्ट बदलला, कॉन्टॅक्टने पुन्हा अकाउंट, की हेच होतं. सोळा फेऱ्यांच्या पुढे सेल्सफोर्स डबाच जप्त करतं. म्हणून आधी बघायचं, मूळ किंमत खरंच बदलली आहे का? नसेल तर लाडू वळायचेच नाहीत.

मधली दोन वर्षं पंतांना फ्रेमवर्कचा ताप चढला होता. पिनकोडमधली मोकळी जागा काढायला अकरा क्लास! तो कोड समजून घेण्यासाठी लोक पंतांची रजा कधी आहे ते आधी विचारून ठेवत. हा ताप आपोआप उतरला. सहा महिन्यांनी त्यांना स्वतःलाच तो कोड वाचावा लागला.

टेस्टच्या बाबतीत मात्र ते अजून कर्मठ आहेत. कोड प्रॉडक्शनला न्यायचा तर 75 टक्के ओळी टेस्टमधून धावलेल्या लागतात. बाकीचे ओळी नुसत्या पळवून टक्के गाठतात, म्हणजे पेपर लिहून घेतला आणि तपासलाच नाही. पंतांची टेस्ट 200 नोंदी घालते आणि एकेकीची झडती घेते.

अकाउंटवर आता त्यांचा एकच ट्रिगर आहे, चार ओळींचा. हाताखालच्या पोरांना तो उघडून दाखवला, तर पोरं विचारतात, "सर, यात काय विशेष?" पंत उत्तर देत नाहीत. गेली दोन वर्षं रात्री दीड वाजता त्यांचा फोन वाजलेला नाही.