दोन आकडे

हुबळीतल्या अमरगोळच्या एपीएमसी यार्डात लॉरीचा फाळका उघडला की हमालाच्या हातात येतो तो आकडा. लाकडी मुठीचा, टोकाशी वळवलेला, लोखंडी. कन्नडात त्याला कोक्के म्हणतात. तो पोत्याच्या कानात रुततो, एक हिसका बसतो आणि ब्याडगी मिरचीचे पोते पाठीवर येते. फळीवरून जपून चार पावले, गाळ्यात थप्पी, की पुन्हा फाळक्यापाशी.

दुसरा आकडा बंगळूरला तयार होतो, राज्याच्या अर्थ आणि सांख्यिकी संचालनालयात. वाहतूक, साठवण, दळणवळण आणि प्रसारण या गटाने राज्याच्या उत्पन्नात किती भर घातली, हे तो सांगतो. पहिल्या आकड्यावाचून दुसरा उभा राहत नाही आणि दुसऱ्याला पहिला धड दिसत नाही. माझी तक्रार ही आहे.

हिशेबाची रीत साधी आहे. मिळालेल्या भाड्यातून डिझेल, टायर, दुरुस्ती वजा करा. उरेल ते मूल्यवर्धन. हीच रीत हमालाला लावून बघा. त्याला डिझेल लागत नाही, त्याचा टायर झिजत नाही. झिजतो तो मणका, आणि तो कोणी वजा करत नाही. म्हणजे हमालीचा जवळजवळ प्रत्येक रुपया निखळ मूल्यवर्धन! 2008 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात मालाच्या चढ-उताराला 5224 हा स्वतंत्र क्रमांक आहे. पण तोच हमाल आडत्याच्या पगारावर असला, की त्याचे काम व्यापाराच्या खात्यात जाते.

गाडीचेही तसेच. व्यापाऱ्याची स्वतःची लॉरी धावली, तर ती खेप व्यापारात धरतात. उद्या त्याने लॉरी विकून तोच माल भाड्याच्या गाडीने धाडला, तर वाहतूक उद्योग वाढलेला दिसतो. माल तेवढाच, रस्ता तोच, पोती तेवढीच. वाढीचा आकडा जाहीर करणाऱ्यांनी यातली खरी वाढ किती, हेही त्याच दमात सांगायला हवे.

मोठे वाहतूकदार या हिशेबात दिसतात. 1976 मध्ये विजय संकेश्वर यांनी गदगला एका ट्रकवर धंदा सुरू केला, तो हुबळीत वाढला आणि 2015 मध्ये व्हीआरएल लॉजिस्टिक्स शेअर बाजारात आली. तिचा ताळेबंद दरवर्षी छापून येतो. रेल्वेचे उत्पन्न केंद्र सरकार एकत्र काढते आणि राज्यांना त्यांचा वाटा लावून देते. पण आज कोणी गदगला एका ट्रकवर धंदा सुरू केला, तर तो अंदाजात जातो.

हा अंदाज कसा बांधला जात होता, तेही बघा. आधारवर्ष 2011-12. काम करणारी माणसे किती, हे त्या वर्षीच्या नमुना पाहणीतून. माणशी मूल्यवर्धन किती, हे 2010-11 च्या पाहणीतून. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि गाड्यांच्या नोंदणीसारख्या खुणांवरून तो दरवर्षी पुढे सरकवायचा. मधल्या काळात नोटाबंदी झाली, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, 1 एप्रिल 2018 ला ई-वे बिल आले, मग टाळेबंदी. रस्त्यावर गाड्या वाढल्या म्हणून प्रत्येक गाडीला परतीचे भाडे मिळाले, असे होत नाही.

आता 2022-23 हे आधारवर्ष ठरले आहे आणि असंघटित उद्योगांची पाहणी दरवर्षी होते. चांगले झाले. पण मूठभर नमुन्यावरून एका जिल्ह्याची हमाली कळणार नाही, आणि कळायला हवी असेल तर नव्या पाहणीची वाटही बघायला नको. हमालांचे परवाने बाजार समितीकडे आहेत. मालाच्या पट्टीवर हमालीचा रकाना आहे. ई-वे बिलावर गाडीचा क्रमांक आहे, अंतर आहे. कागद आहेत, त्यांची बेरीज करा. जिल्ह्याच्या उत्पन्नात हमालीची ओळ वेगळी छापा.

हा हट्ट कशासाठी? महाराष्ट्राकडे बघा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. मंडळे झाली, हमालांची नोंदणी झाली, मजुरी मंडळामार्फत जाऊ लागली. नोंद होती, म्हणून भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना मागता आला. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कशाच्या जोरावर मागणार?

लॉरी रिकामी झाली की टोळी सावलीला बसते. मुकादम वही काढतो, पोती मोजतो, दर लावतो, माणशी वाटणी सांगतो. कोणाचे एक पोते कमी धरले गेले, तर तिथल्या तिथे हिशेब पुन्हा होतो. संचालनालयाने सुरुवात त्या वहीपासून करावी.