चोप्य-पस्ते: नवशिक्यांसाठी आठ सोप्या पायऱ्या

अभिनंदन! दिवाळी अंकाची ई-आवृत्ती काढायचं ठरलं आहे, आणि ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?’ एवढ्या एका प्रश्नावर ती तुमच्या गळ्यात पडली आहे. घाबरू नका. ईपब म्हणजे एक्सएचटीएमएलच्या फायलींची बांधलेली झिप. मथळा, परिच्छेद, तळटीप, प्रत्येकाला उघडणारा आणि मिटणारा टॅग. हे समजून घ्यायला आठवडा लागतो. कॉपी-पेस्टला दोन कळा पुरतात. ही सोय लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत घडवली. नक्कल करण्यासाठी याहून शुभ पत्ता कुठला असणार? तेव्हा बाह्या सरसावा. मूलमंत्र एकच: पडद्यावर जे दिसतं तेवढंच खरं.

१. मागल्या वर्षीची फाइल उघडा.
कोरी फाइल सुरू करणं हा निव्वळ अहंकार. मागल्या वर्षीची फाइल कुणीतरी एका इंग्रजी कादंबरीच्या नमुन्यावरून बेतली होती, त्यामुळे तिच्या माथ्यावर भाषा म्हणून ‘इंग्रजी’ अशी नोंद आहे. राहू द्या. पान मराठीच दिसतं ना? दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ही नोंद प्रमाण मानून मराठी कथा इंग्रजी आवाजाच्या हवाली करू शकतो, हे खरं. पण त्यांची तक्रार येईपर्यंत संक्रांत आलेली असते.

२. मजकूर येईल तसा चिकटवा.
वर्डमधून आलेल्या चारोळीसोबत ‘एमएसओ’ आडनावाच्या क्लासेसचं अख्खं वऱ्हाड येतं: चार ओळी कवितेच्या, चाळीस ओळी सजावटीच्या. मेनूत ‘फक्त मजकूर पेस्ट करा’ असा पर्याय दिसेल. त्याला हात लावू नका. त्याने कवीचे ठळक शब्द साधे होतात आणि कवीचा फोन येतो. पीडीएफमधून घेतलेल्या लेखात ऱ्हस्व वेलांटी कधी कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. तिला तिथे बरं वाटत असेल. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला लेख चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा खच दिसला, तर तो कवितेच्या विभागात हलवा.

३. माउस मनमोकळेपणाने ओढा.
उघडणारा टॅग उचला, मिटणारा मागे राहिला तरी हळहळू नका. साध्या एचटीएमएलमध्ये ब्राउझर समजून घेतो. ईपबमधलं एक्सएचटीएमएल मात्र एक्सएमएलच्या घरचं, आणि तिथे ही सवलत नाही: अशी चूक दिसली की थांबायचं, पुढे वाचायचं नाही, असा १९९८च्या शिफारशीचा दंडक आहे. रहस्यकथेला हे फारच पोषक; खुनी कळण्याआधीच पान बंद.
इथे एक तज्ज्ञ युक्ती. समजा, अवतरणाचा टॅग ४०व्या ओळीवर उघडला आणि मिटलाच नाही. फाइल वाचणारा पार्सर बोट दाखवतो ६१२व्या ओळीकडे, कारण त्याला ते तिथे कळतं. तुम्हीही तिथेच एक मिटणारा टॅग चिकटवा. पार्सर गप्प! आता ४०व्या ओळीपासून सगळी कथा अवतरण होऊन आत सरकली आहे. निवेदन नेमकं कुणाचं, हा प्रश्न समीक्षकांवर सोपवा.

४. तळटीप एकच करा, बाकीच्या तिच्यावरून काढा.
प्रत्येक टिपेला आपला आयडी असतो आणि तो दस्तऐवजात एकदाच यायला हवा. केवढा हा संशयी नियम! पहिली टीप कॉपी करा, मजकूर बदला, आयडी तोच ठेवा. इतिहासाच्या लेखातला अकरापैकी कुठलाही आकडा दाबला तरी वाचक पहिल्याच टिपेवर पोचेल. लेखकाने एकाच पुस्तकावरून सगळं उतरवलं, अशी कुजबुज होतीच. आता तिला तांत्रिक आधार मिळाला.

५. न दिसणाऱ्या अक्षरांची हकालपट्टी करा.
‘आचाऱ्याला’मधला र टंकण्याच्या एका पद्धतीत डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. मजकूर ‘साफ’ करणाऱ्या अवजारांना ते कचरा वाटतं. ते उडालं की पाककृतीच्या पानावर ‘मीठ किती ते आचार्याला विचारावे’ असं छापून येतं. अंकाची वैचारिक उंची आपोआप वाढते.
याउलट, न तुटणारी मोकळी जागा मात्र जपून ठेवा. दिसायला ती साध्या जागेसारखीच, पण टॅगच्या आत शिरली की एक्सएमएल तिला जागा मानत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या दोन ओळींपैकी एक चालते, दुसरी नाही. रात्री दोन वाजता हा अनुभव माणसाला अध्यात्माकडे नेतो.

६. & या चिन्हाला मोकळं सोडू नका.
एक्सएमएलमध्ये ते नुसतं लिहिता येत नाही, त्याची सांकेतिक जोडणी लिहावी लागते. त्या जोडणीची सुरुवातही &नेच होते, हे आपलं भाग्य. म्हणजे एका खिडकीतून दुसरीत चिकटवताना प्रत्येक खिडकीने आपापलं कर्तव्य केलं, की जाहिरातदाराच्या ‘& सन्स’मध्ये ‘अँप अँप अँप’ अशी शेपूट वाढत जाते. शब्दांवर दर आकारत असाल तर बिल वाढवा.

७. एकदा लिहून भागेल तिथे चौदा वेळा लिहा.
मथळ्याचा रंग एका स्टाइलशीटमध्ये ठेवता येतो. ‘डिटा’सारख्या पद्धतीत तर मजकूर एकाच ठिकाणी राहतो आणि बाकीकडे त्याचा नुसता निर्देश असतो. ही रिकामटेकड्यांची कामं. तुम्ही रंग प्रत्येक मथळ्यात आणि कार्यालयाचा पत्ता प्रत्येक फायलीत चिकटवा. उद्या कार्यालय हललं, तर पत्ता बहुतेक ठिकाणी बदला. उरलेल्या ठिकाणी जुने वर्गणीदार जातील. तेवढीच त्यांना जुन्या जागेची भेट.

८. तपासणी शेवटी ठेवा, म्हणजे वेळ उरणार नाही.
ईपबचेक नावाचा एक खडूस तपासनीस आहे. त्याने दोषांची यादी दिली तर दोष काढू नका, दोषी भाग टिप्पणीत गुंडाळून अदृश्य करा. टिप्पणीच्या पोटात दुसरी टिप्पणी चालत नाही, आणि लागोपाठ दोन आडव्या रेघा तिथे वर्ज्य आहेत. आपल्या नवकथाकाराला नेमकी प्रत्येक संवादाआधी दोन रेघा मारायची हौस. त्याच्याशी वाद घालत बसू नका. कथा वगळा आणि ‘जागेअभावी’ असं कळवा. ई-आवृत्तीत जागा कमी कशी पडली, हे विचारण्याइतकं सुदैवाने कुणाला कळत नाही.

झालं! अंक निघाला. ही फाइल जपून ठेवा, कारण पुढच्या वर्षीचा नवशिका पहिल्या पायरीवर तिच्याचकडे येणार आहे. आणि आपल्या कष्टांची नोंद कुठे, असं वाटत असेल तर श्रेयनामावलीचं पान उघडा. ‘तांत्रिक साहाय्य’ या ओळीपुढे ठळक अक्षरांत नाव आहे. ते मागल्या वर्षी काम करणाऱ्याचं आहे.