1890 सालचं प्लायवूड

श्री. विंटेजवाले यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या दुकानातून आणलेल्या 1890 सालच्या कपाटाच्या पाठीला चिकटवलेला खाकी कागद परवाच्या पावसाळी हवेत सुटला. कागदाखाली एक निळा शिक्का निघाला. ‘आयएस 303’ हे त्यावर स्वच्छ वाचता येतं. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठीचं हे भारतीय मानक. त्याच्यापुढे सालही छापलंय, 1989. म्हणजे ज्यांच्या वाड्यातलं म्हणून तुम्ही ते विकलंत, त्या कोकणातल्या खोतांच्या सुताराने नव्याण्णव वर्षं आधीच सरकारदरबारी प्लायवूड तपासून घेतलं होतं. कोकणी माणूस धोरणी असतो हे ऐकून होते, पण इतका?

तुमच्या दुकानाचं नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण एकाचं लिहिलं तर बाकीच्यांना ती जाहिरात वाटायची.

कपाट विकताना तुम्ही जे सांगितलं होतंत ते मला पाठ आहे. खोतांचा वाडा. एकाच घराण्याच्या वापरातली वस्तू. धाकटा मुलगा परदेशात, म्हणून नाइलाजाने काढलेलं. शेजारचं कपाट सरदारांच्या वाड्यातलं, त्याच्या पलीकडचं पानशेतच्या पुरातून वाचलेलं, खिडकीपाशी होतं ते कुठल्याशा संस्थानच्या दिवाणांचं. तुमच्या गोदामातली गर्दी पाहता मराठी सरदारांनी लढाया कधी केल्या असा प्रश्न पडतो. सगळा वेळ बिचारे कपाटंच घडवून घेत असणार. वास्तविक वाड्यांमध्ये सामान राहायचं ते भिंतीतल्या फडताळात, कोनाड्यात, पेटाऱ्यात, माळ्यावर आणि उतरंडीत. भिंतीला पाठ टेकून उभं राहणारं, आरसा लावलेलं उंच कपाट आपल्याकडे साहेबांच्या घरांतून आलं. पण साहेबाच्या कारकुनाचं कपाट म्हटलं तर शून्य एक कमी लावावं लागेल, नाही का?

वयाचंही तसंच. शंभर वर्षांहून जुनं म्हणालात, तेव्हा मी सहज विचारलं की 1972 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, तो आहे ना? तुम्ही पेल्यातला चहा संपवेपर्यंत कपाट ऐंशी वर्षांचं झालं होतं. बिलावर मात्र पुन्हा 1890. बिजागऱ्यांचे स्क्रू चौफुलीच्या खाचेचे आहेत, आणि त्या खाचेचं पेटंट अमेरिकेत 1936 साली निघालं, हे मी तेव्हा बोलले नाही. नंतर बसवले असतील, म्हटलं.

किरकोळ गोष्टी पटकन उरकते. बेल्जियमच्या आरशात माझं नाक डावीकडे वळतं. किल्ली दिलीत ती कुठल्याच कुलपाला लागत नाही. तुमची माणसं कपाट खाली फाटकाशी ठेवून ‘लिफ्टमध्ये मावत नाही’ एवढं सांगून निघून गेली. आणि जाळीच्या ज्या कपाटात आमच्या आज्या दूध-तूप ठेवायच्या, ज्याच्या चारी पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या असायच्या, त्याला तुम्ही ‘बार कॅबिनेट’ म्हणता. म्हणा. आज्या आता काही म्हणायला येत नाहीत.

‘बर्मा टीक’ हे शब्द मात्र जरा जपून वापरा. त्या लाकडापायी एक राज्य बुडालंय. सागवानाच्या तोडीवरून थिबा राजाच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला दंड ठोठावला, इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं. 1885 साली फौज मंडालेला पोचली आणि राजा राणीसकट रत्नागिरीला आणून ठेवला गेला. 1916 मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या देशाच्या नावावर तुम्ही आंब्याच्या फळ्यांना काळपट पॉलिश मारून विकता. बरं, सागवानच सांगायचं तर आपलं आलापल्लीचं काय वाईट आहे? पण गडचिरोली म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत चमक येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता मुद्द्याचं. हे सगळं मी गिळलं असतं. प्लाय तर घरोघरी आहे, माझ्या ओट्याखालीही आहे. मला जे झोंबलंय ते वेगळंच. दार खाली घासतं म्हणून मिस्त्रींना बोलावलं होतं. त्यांनी खोक्यावर एक टिचकी मारली आणि हसले. मग दाराच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि हसायचे थांबले. दिवा आडवा धरून त्यांनी मला दाखवलं. लाकडावर हाताने मारलेल्या रंध्याच्या बारीक लाटा होत्या. चौकटीत एकही खिळा नव्हता, लाकडाच्या खुंट्या ठोकून सांधे आवळलेले. दाराच्या कडेला वर आणि खाली करवतीने कापल्याच्या खुणा होत्या. मिस्त्री म्हणाले, “ताई, याला बिजागरी कधी नव्हतीच. वरखाली लाकडाच्याच टोकांवर फिरायचं हे. टोकं कापलीत. भिंतीतल्या फडताळाची दारं आहेत, अस्सल सागवान. खोका टाकून द्या, दारं सोडू नका.”

म्हणजे दारं खरी होती! विंटेजवाले, तुमच्या हातात एक खरी गोष्ट होती. कुठल्यातरी पेठेतला वाडा पाडायला काढला, खांब आणि तुळया लाकडाच्या वखारीत गेल्या, आणि फडताळाची दारं बंबात जायची ती तुम्ही उचललीत. फडताळाला पाठ नसते, बाजू नसतात, भिंतच त्याचं अंग. म्हणून मागे नवा खोका करून घेतलात. यात लपवण्यासारखं काय होतं? ‘दारं वाड्याची, खोका माझा’ एवढं मला सांगितलं असतंत तर मी पैसे मोजले असते आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलं असतं. तुम्ही काय केलंत? खऱ्या दारांना खोट्या खोताच्या गळ्यात बांधलंत. रंध्याच्या लाटा दिसू नयेत म्हणून वरून जाड चकचकीत पॉलिश फासलंत. आणि तेवढ्याने ते पुरेसं जुनं वाटेना, म्हणून कुणीतरी त्या सागवानावर सायकलची साखळी आपटली. हो, साखळी. कड्यांचे ठसे रांगेने उमटलेत, मोजता येतील. कुणा सुताराने मन लावून गुळगुळीत केलेल्या लाकडावर, जे आपोआप म्हातारं झालेलं होतं त्याच्यावर, ते म्हातारं दिसावं म्हणून तुम्ही साखळी मारलीत. याला फसवणूक म्हणणंही सौम्य आहे. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

हे तोंडावर सांगायला मी दुकानात आले होते, आठवत असेल. तुम्ही गोदामात मागे होतात. तुमच्याकडचे ते वयस्कर पॉलिशवाले मांडी घालून एका जुन्या खणाला चपड्याचं पॉलिश करत होते. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून, स्पिरिटात विरघळवलेली लाख पातळ पातळ चढवत, एक थर सुकल्यावर दुसरा. मी उभी राहिले ती पाहतच राहिले. इतक्यात एक जोडपं आलं. चांगलं शिकलंसवरलेलं, बोलायला गोड. तुम्ही त्यांना एक साधं कपाट दाखवलंत, कुठल्याशा कचेरीतलं, सागवानी, आतल्या फळ्या मागेपुढे करता येणारं, अजून शंभर वर्षं टिकेल असं. ‘हे सरकारी वाटतं,’ ती म्हणाली. तुम्ही किंमत उतरवलीत. पुन्हा उतरवलीत. मग तो त्या शेजारच्या नव्याकोऱ्या सांगाड्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हेच थोडं आणखी जुनं दिसेल असं करून मिळेल का? शनिवारपर्यंत?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एक अक्षर बोलला नाहीत.

ते गेल्यावर तुम्ही सांगितलंत की कचेरीचं कपाट गेल्या दिवाळीच्या आधीपासून तिथेच उभं आहे. त्यावर खरी चिठ्ठी लावली होती, कुठून आलं, काय दुरुस्ती केली, सगळं. लोक चिठ्ठी वाचायचे आणि म्हणायचे, “म्हणजे मोडीतलंच की!” लाखेच्या पॉलिशचे दिवस मोजून पैसे मागितले तर ‘फवारा मारून द्या’ म्हणायचे. पॉलिशवाल्या काकांचा मुलगा या धंद्यात आला नाही, तो पार्सलं पोचवतो. गोदामाचं भाडं खोतांच्या वाड्यावर निघतं, सरकारी कपाटावर निघत नाही. तुम्ही हे तक्रारीच्या सुरातही सांगत नव्हतात. मी भांडायला आले होते आणि तुमच्याकडचा चहा पिऊन गेले.

आम्ही लोक काय आहोत हे त्या दिवशी मला दिसलं. आईने माहेराहून आणलेलं गोदरेजचं कपाट ‘जागा अडवतं’ म्हणून भंगारात द्यायचं, आणि तेच तुम्ही पिस्त्याच्या रंगात रंगवून मांडलं की ‘किती रेट्रो!’ म्हणून फोटो काढायचे. ती कंपनी पोलादी कपाटं 1923 पासून बनवते, म्हणजे आमच्याच घरात खऱ्याखुऱ्या जुन्या वस्तू होत्या. त्या नको होत्या. आम्हाला दुसऱ्याचा आजा हवा होता, जरा बड्या घरचा.

तरीही, विंटेजवाले, साखळी तुमचीच. गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून विष विकणाऱ्यालाही आपण विष विकणाराच म्हणतो. नव्या सांगाड्यावर काय हवं ते आपटा, ते लाकूड तुमचं आणि ती हौस त्यांची. पण वाड्यातून निघालेल्या लाकडाला हात लावण्याआधी त्या काकांना विचारत जा. त्यांनी तर त्या दारांना कधीच साखळी लावू दिली नसती. त्यांना विचारलंच नसणार.

कपाट परत करत नाही. मिस्त्री खोका काढून टाकणार आहेत, दारं बैठकीच्या भिंतीत बसवतील. खोक्याचे पैसे परत करा अशी माझी मागणी आहे, आणि ती मी सोडणार नाही. त्याशिवाय नवं बिल हवं. त्यावर साल नको, खोत नको, बर्मा नको. फक्त ‘फडताळाची जुनी सागवानी दारं, एक जोडी’ एवढं लिहा, आणि ती ज्या वाड्यातून उचललीत त्या वाड्याचा खरा पत्ता. तो तुम्हाला नक्की माहीत आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना: दुकानात कपाट आवडलं तर आधी ते भिंतीपासून पुढे ओढायला सांगा आणि पाठ बघा. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. ओढू दिलं नाही तर सरळ घरी या.

कळावे, लोभ असावा.
आपली,
शून्य एक जास्त मोजलेली गिऱ्हाईक