सरकार नको, पोस्ट हवी

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सकाळी सातलाच खुर्च्या भरतात. हजेरी नाही, गुरुजी नाहीत. स्वयंशिक्षण म्हणतात ते हेच. टेबलावर राज्यघटनेवरचं जाडजूड ‘लक्ष्मीकांत’, त्यावर कटिंगचा गोल डाग, भिंतीवर मालकाची पाटी: ‘कुजबुजही बोलण्यातच धरली जाईल.’ एवढ्या स्वातंत्र्यातून काढायचं काय? पोस्ट, सरकारी! म्हणजे स्वतःच सरकार व्हायचं.

शेतकरी नेते शरद जोशींचं गणित उलटं. आधी टपाल खात्यातले अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नची नोकरी. ती सोडून १९७७ साली आंबेठाणला कोरडवाहू शेती. १९९४मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि सरकारला म्हणाले, शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला हो. (सरकार हललं नाही, ते सोडा.)

अभ्यासिकेत त्यांचं नाव सगळ्यांना पाठ आहे. प्रश्न आला तर दोन गुण.